करड्या रकान्यातली शर्यत

मी प्लॅनिंग इंजिनिअर आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना हसायला सोपं जाईल. बहरीनमध्ये हिद्दच्या बंदराजवळ जहाजं दुरुस्त करणाऱ्या एका गोदीत मी बावीस वर्षं एकच काम करतो आहे. जहाज आत कधी येणार, त्याचा तळ कधी खरवडायचा, रंग कधी द्यायचा, प्रोपेलर कधी उतरवायचा आणि जहाज परत पाण्यात कधी सोडायचं, याचा तक्ता करायचा. तक्त्यात प्रत्येक कामाची एक आडवी पट्टी असते. एक पट्टी एका रकान्याने पुढे सरकली की तिच्यामागे पन्नास माणसांची ड्यूटी सरकते आणि मग सगळे माझ्या नावाने शंख करतात. असा मी घरच्या सहलीचं वेळापत्रक करायला बसलो, तेव्हा बायको म्हणाली, "बघा हो, आम्हाला गोदीत घालू नका."

सहल कसली, तर धावायची. आमची एकुलती एक लेक दोन वर्षांपूर्वी शिकायला युरोपात गेली आणि तिथेच नोकरीला लागली. तिच्या शहराबाहेर एक भलंमोठं थीम पार्क आहे. पाळणे, किल्ले, खोटे डोंगर, डोंगरातून जाणारी खोटी आगगाडी. वर्षातून एकदा तिथे म्हणे रेस वीकेंड असतो. पार्क उघडायच्या आधी, भल्या पहाटे, हजारो माणसं त्या पाळण्यांमधून आणि किल्ल्यांमधून धावतात. त्यासाठी पैसे भरतात आणि गळ्यात पदक घालून घरी जातात. लेकीचा मेसेज आला, "बाबा, विल यू रन विथ मी? टेन के. यू कॅन वॉक, आय विल वॉक विथ यू." ती बहरीनमध्ये वाढली. तिला मराठी सगळं कळतं. आम्ही मराठीत बोलतो आणि ती इंग्रजीत उत्तर देते. आमच्या घरी पहिल्यापासून हे असंच चाललंय आणि त्यामुळे कुणाचं काही अडलेलं नाही.

मी एका मिनिटात "हो" लिहून पाठवलं. बायको बघतच राहिली. चोपन्न वर्षांचा माणूस, डाव्या गुडघ्याची कुरकुर, ऑफिसला लिफ्ट बंद असली की सगळ्या बिल्डिंगला शिव्या घालणारा, हा दहा किलोमीटर धावणार? पण मी "हो" म्हटलं त्याला कारण होतं, आणि ते तिलाही ठाऊक होतं.

लेक चौथीत असताना शाळेच्या स्पोर्ट्स डेला पालकांबरोबर तीन पायांची शर्यत ठेवली होती. मुलाचा एक पाय आणि पालकाचा एक पाय रुमालाने बांधायचा आणि पळायचं. त्यासाठी तिने आईला विचारलं नाही, मला विचारलं. आठवडाभर आम्ही हॉलमध्ये सराव केला. दोनदा सोफ्यावर पडलो, एकदा टीपॉयवर. त्या दिवशी सकाळी नेमकं एक जहाज गोदीत शिरताना रखडलं. अर्ध्या तासात निघतो, अर्ध्या तासात निघतो, करता करता साडेदहा वाजले. पुढे पुलावर गाड्यांची रांग. मैदानावर पोचलो तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती आणि माणसं खुर्च्या उचलत होती. लेक कडेला उभी होती. तिच्या एका पायाला रुमाल बांधलेला होता. तो तिने स्वतःच बांधला होता आणि त्याची टोकं जमिनीवर लोळत होती. मला बघून तिने तो सोडला, नीट घडी घातली आणि म्हणाली, "इट्स ओके, बाबा."

त्यानंतर तिच्या शाळेतली नाटकं झाली, बक्षीस समारंभ झाले, युरोपला जाताना तिला विमानतळावर सोडायचं झालं. प्रत्येक वेळी कुठलं तरी जहाज होतं आणि प्रत्येक वेळी "इट्स ओके, बाबा" होतं. त्यातलं पहिलं मात्र माझ्या मनातून जात नाही. म्हणून या खेपेला मी मनाशी पक्कं केलं होतं. गुडघा गेला तरी चालेल, धावताना शेवटचा आलो तरी चालेल, पण सुरुवातीच्या रेषेवर मी तिच्या शेजारी असणार होतो. दुसरं काही नको होतं मला.

मग तिने पार्कच्या वेबसाइटची लिंक पाठवली आणि माझी मती गुंग झाली.

शर्यतीत नाव नोंदवलं की पार्कमध्ये जाता येत असेल, असा माझा समज होता. तसं नव्हतं, पार्कचं तिकीट वेगळं. पार्कच्या हॉटेलात राहिलं तर पार्कचं तिकीट मिळतं, पण मग शर्यतीचं काय ते कुठेच लिहिलेलं नाही. छातीवर लावायचा नंबर शर्यतीच्या दिवशी देत नाहीत. तो आधी एका मंडपात जाऊन, पासपोर्ट दाखवून घ्यायचा, आणि मंडपात जायची वेळसुद्धा आधी नोंदवायची. मग माणसांचे गट पाडतात. पळणारे पुढे, आमच्यासारखे मागे. फारच मागे राहिलात तर सायकलवरून कुणीतरी येऊन तुम्हाला नम्रपणे बाहेर काढतं. शिवाय बरेचजण सोंगं घेऊन धावतात. "सोंगं म्हणजे?" बायकोने विचारलं. मी म्हटलं, परी, चेटकीण, ससा, असं काहीबाही. ती म्हणाली, "तुम्ही आहात तसेच जा, चालून जाईल."

कार्यक्रम असा दिला होता: पहिल्या दिवशी नंबरवाटप आणि लहान मुलांची धाव, दुसऱ्या दिवशी पाच किलोमीटर, तिसऱ्या दिवशी दहा किलोमीटर. तारखा वर कुठेतरी होत्या. पण फोनवर ते पान उघडलं की एक हसरा ससा उड्या मारत यायचा आणि नेमका तारखांवर बसायचा. त्याला हाकलायचं बटण मला काही केल्या सापडलं नाही. मी लेकीला विचारलं, कुठला वीकेंड? तिने लिहिलं, महिन्यातला दुसरा. मला तेवढं पुरे होतं. सशाला तिथेच बसवून मी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर तक्त्याची नवी फाइल उघडली.

आमच्या तक्त्यात कामाचे दिवस पांढरे आणि सुट्टीचे रकाने करडे दिसतात. महिन्यातली दुसरी करडी जोडी मी शोधली. तिसरा दिवस म्हणजे वीकेंडचा शेवटचा, तेव्हा आमच्या दहा किलोमीटरची पट्टी शेवटच्या करड्या रकान्यात टाकली आणि तिच्यावर नुसतं "धावणे" लिहिलं. पाच किलोमीटर आम्हाला धावायचे नव्हते, म्हणून तिच्या आधीच्या रकान्यात "पाय मोकळे करणे". नंबरवाटप त्याच्याही आधी. बुधवारी पोचायचं, गुरुवारी नंबर घ्यायचा, शुक्रवारी पाय मोकळे करायचे, शनिवारी पहाटे धावायचं, संध्याकाळचं विमान पकडायचं आणि रविवारी सकाळी बहरीनला उतरून तडक ऑफिस गाठायचं. त्या रविवारी एक मोठं जहाज गोदीत येणार होतं. एकही तास वाया जात नव्हता. एकूण सत्तावीस पट्ट्या झाल्या, अगदी "मोजे बदलणे" ही सुद्धा. बघून माझं मलाच कौतुक वाटलं.

तिकिटं काढली आणि तक्ता लेकीला पाठवला. तिने तो लगेच पाहिला, तशी खूण उमटली. मला वाटलं आता ती हसेल, मोज्यांवरून टोमणा मारेल. तीन तासांनी फक्त एक अंगठा आला.

तिथून पुढे मला काही म्हणजे काही कळेनासं झालं. टी-शर्टचा साइज कुठला कळवू? "एनीथिंग, बाबा." सुरुवातीच्या रेषेवर कुठे उभं राहायचं? "इट डझन्ट मॅटर." मी सोंग घेऊ का, निदान कान तरी लावू का सशाचे? त्यावर काहीच नाही. ज्या पोरीने स्वतःहून बोलावलं ती अशी का वागतेय? मी तर्क लढवायला लागलो. ऑफिसात काही बिनसलं असेल. कुणी मुलगा असेल आणि आता तो धावणार असेल, म्हणून म्हाताऱ्याची अडचण होत असेल. की मी सत्तावीस पट्ट्या केल्या याचा राग आला? बायकोला विचारलं तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "काही नाही हो, कामात असेल." तिच्या बोलण्यातही काहीतरी राखून ठेवल्यासारखं होतं. दोघी रोज फोनवर बोलत होत्या. मी खोलीत गेलो की विषय बदलत होता. आपल्याच घरात आपण परके आहोत की काय, असं वाटून मला चीड यायला लागली. चिडून मी तक्त्यात आणखी चार पट्ट्या वाढवल्या.

सराव मात्र चुकवला नाही. आम्ही बुदैयाला राहतो. हायवेच्या मागे अजून थोडी शेतं आहेत, थंडीत तिथे चालायला बरं वाटतं. पण उन्हाळा होता, पहाटे पाचलाही शर्ट अंगाला चिकटायचा. म्हणून मी गाडी काढून सीफला जायचो आणि तिथल्या मॉलमध्ये दुकानं उघडायच्या आधी फेऱ्या मारायचो. माझ्यासारखे बरेच असतात तिथे, मधुमेहवाले, बायपासवाले. बंद शटरांच्या समोरून सगळे गंभीरपणे गोल फिरत असतात. चौथ्या आठवड्यात मी सात किलोमीटरपर्यंत पोचलो. गुडघा कुरकुरला, पण बसला नाही.

ऑफिसात ही बातमी फुटलीच. आमचे स्टोअरकीपर रत्नागिरीकडचे. वयाने मोठे, मी त्यांना भाई म्हणतो. ते म्हणाले, "साहेब, पैसे भरून धावायचं? वर विमानाचं तिकीट काढून? इकडं हिद्दला धावा की, फुकट आहे. कुत्री सोडतो मागं, वेळ पन चांगला लागंल." सगळे हसले. मीही हसलो. मग बाकीचे पांगल्यावर ते हळूच म्हणाले, "पोरगी बोलावतेय ना? मग जावा. बोलावतायत तंवर जावं मानसानं." आणि नटबोल्टांच्या खोक्यावर नंबर टाकायला लागले.

निघायला अठरा दिवस राहिले होते. शुक्रवारची सुट्टी, सकाळची वेळ. मी स्वयंपाकघरात चहा घेत होतो. आमच्या फ्रिजशेजारी भारतातून आणलेलं कॅलेंडर टांगलेलं असतं, तिथी-वार बघायला. बायकोने पान उलटून बघितलं आणि म्हणाली, "संकष्टी रविवारी आलीय. बरं झालं, तोवर आपण परत येऊ. नाहीतर तिथे चंद्रोदय कधी होतो ते शोधत बसावं लागलं असतं." मग पानावरून हात फिरवत स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "बिचारी एकटीच धावेल त्या दिवशी."

"कोण एकटी धावेल?"

"लेक. आणखी कोण?"

"ती शनिवारी धावतेय. माझ्याबरोबर."

बायको माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्याकडे. मग मी कॅलेंडरकडे बघितलं. त्यात रविवारची पूर्ण ओळ लाल होती, जशी लहानपणापासून बघत आलो तशी. शुक्रवार आणि शनिवार बिचारे काळे.

इथे आठवडा रविवारी सुरू होतो. शुक्रवार आणि शनिवार सुट्टी, रविवारी सकाळी सात वाजता मी गोदीच्या गेटवर कार्ड लावतो. मी इथे आलो तेव्हा तर गुरुवार-शुक्रवार सुट्टी असायची, मग ती एका दिवसाने सरकली, आणि आम्ही सगळे तिच्याबरोबर सरकलो. बावीस वर्षांत रविवार हा सुट्टीचा वार असतो हे मी विसरलो असं नाही. भारतात फोन करताना आठवतं. पण तक्ता करायला बसलो की माझा हात करड्या रकान्याकडे जातो, आणि माझे करडे रकाने शनिवारी संपतात. युरोपातलं पार्क आपली शर्यत माझ्या गोदीच्या आठवड्याप्रमाणे घेणार नाही, एवढी साधी गोष्ट डोक्यात शिरली नव्हती. मी फोन काढला, पान उघडलं, आणि त्या सशाच्या नाकावर टिचकी मारत राहिलो. तो एकदाचा बाजूला झाला. शुक्रवार, शनिवार, रविवार. दहा किलोमीटर रविवारी सकाळी. त्या वेळी मी बहरीनला उतरून, डोक्यावर हेल्मेट चढवून जहाजाची वाट बघत उभा असणार होतो.

चूक कळली तेव्हा आधी हसू आलं. मग एक दुसरीच गोष्ट लक्षात आली आणि हसू गेलं.

"तुला माहीत होतं?" मी बायकोला विचारलं.

"मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच म्हणालात ना, रविवारी मोठं जहाज आहे म्हणून."

"आणि तिला?"

"तिने तक्ता बघितला त्याच दिवशी मला फोन केला. मी म्हटलं, विचार बाबांना. ती नको म्हणाली. तिला वाटलं, शनिवारची पाच किलोमीटरची धाव करून तुम्ही जहाजासाठी परत निघणार. म्हणाली, ॲट लीस्ट ही इज कमिंग."

मी चहाचा कप खाली ठेवला. माझी इतकी ढळढळीत चूक दोघींच्या डोळ्यांसमोर होती, आणि दोघींपैकी एकीलाही ती चूक वाटली नव्हती. मी लेकीने बोलावलेल्या शर्यतीच्या आदल्या दिवशी विमानात बसणार, याचं दोघींनाही आश्चर्य वाटलं नव्हतं. मी असाच वागेन, असं त्यांनी धरून चालावं, इतक्या वेळा मी तसा वागलो होतो. मला रडू आलं. बायकोसमोर मी फारसा रडत नाही. तिने गॅस बंद केला आणि माझ्या शेजारी बसली. "मला विचारायला हवं होतं तुम्हाला," ती म्हणाली. पण तिची काय चूक होती?

ताबडतोब लेकीला फोन करावा, असं वाटलं. फोन हातात घेतलाही. मग ठेवून दिला. मी जन्मभर हेच केलं होतं. आधी तिला "येतो" म्हणायचं आणि मग जहाजाकडे बघायचं. या खेपेला आधी जहाज, मग फोन.

दोन दिवसांनी, रविवारी सकाळी, साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. आमचे साहेब बहरीनी आहेत, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे. आमचं बोलणं इंग्रजीत चालतं, अरबी अधूनमधून. जहाज आत घ्यायच्या दिवशी मी आजवर कधी रजा मागितली नव्हती. मी सांगितलं, त्या रविवारी आणि सोमवारी मी नसेन.

"कुणी आजारी आहे?"

"नाही. एक शर्यत आहे."

"कसली?"

"धावायची."

त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं. "कोण धावणार?"

"मी."

"आणि जहाज?"

मी म्हटलं, तक्ता तयार आहे, प्रत्येक पट्टीपुढे माणूस लिहिलेला आहे, भाईंना सगळं समजावून ठेवलंय. साहेब टेबलावरची मण्यांची माळ उचलून बोटांत फिरवायला लागले. मग म्हणाले, "मी रजा दिली नाही तर?"

याचं उत्तर मी तयार करून आणलं नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "तरी जाईन, साहेब." आवाज माझाच होता, पण मला ओळखू आला नाही. बावीस वर्षांची नोकरी, व्हिसा त्याच नोकरीवर, घर त्याच नोकरीवर, आणि हा माणूस चालला सशाचे कान लावून धावायला.

साहेबांनी माळ खाली ठेवली. "खलास," ते अरबीत म्हणाले, म्हणजे विषय संपला. "जाणारच आहेस तर विचारतोस कशाला? फॉर्म भर." मी दारापर्यंत गेलो तेव्हा त्यांनी हाक मारली. "मुलगी आहे का?" मी हो म्हटलं. "माझ्या तीन आहेत," ते म्हणाले, आणि पुन्हा कागदांत डोकं घातलं.

तिकिटं बदलली, त्याला काय पडलं ते विचारू नका. व्हिसावर दिवस मोजून दिलेले असतात, नशिबाने त्यात दोन-तीन जादा होते. हे सगळं हातात आल्यावर मी लेकीला फोन लावला. ती ट्राममध्ये होती, मागे घंटा वाजत होती. मी सगळं सांगितलं. करडे रकाने, ससा, संकष्टी, साहेब. सांगताना मला धाप लागली, मॉलमध्ये लागत नाही इतकी.

"यू थॉट इट वॉज सॅटरडे?" ती म्हणाली.

"हो."

"लाइक, बहरीन वीकेंड?"

"हो गं बाई."

ती हसायला लागली. ट्राममधली माणसं बघत असतील इतकी हसली. मग हसणं अर्ध्यावर थांबलं. "आय थॉट..." ती म्हणाली. मी विचारलं, "काय वाटलं तुला?" तिने म्हटलं, "नथिंग. इट्स ओके, बाबा." मी म्हटलं, "नाही. ओके नाहीये. तेव्हाही नव्हतं." तिने फोन ठेवला नाही. मी विचारलं, माझं नाव काढून टाकलंस का शर्यतीतून? "नो," ती म्हणाली, "दे डोन्ट गिव्ह रिफंड्स." लेक माझीच आहे, याबद्दल त्या क्षणी माझी खात्री पटली.

शर्यतीच्या दिवशी सहाला आमच्या गटाच्या फाटकापाशी भेटायचं ठरलं होतं. हॉटेल जवळच होतं, मी पावणेपाचलाच तिथे जाऊन उभा राहिलो. थंडी अशी की बहरीनच्या माणसाचे दात वाजावेत. दोरी लावणारा माणूस माझ्यानंतर आला. हळूहळू गर्दी जमली. पंख लावलेला एक दाढीवाला बाप्या, तीन चेटकिणी, आणि ससे तर कितीतरी. प्रत्येक सशाकडे मी रागाने बघून घेतलं. दूर दोरीपलीकडे बायको माझा स्वेटर हातात घेऊन उभी होती आणि घाला, घाला म्हणून खुणा करत होती. माझ्या छातीवर नंबर होता. तिथे तो नक्की कुठल्या कोनात लावतात हे मला अजूनही कळलेलं नव्हतं.

सहाला पाच मिनिटं असताना लेक आली. तिला घाई नव्हती. कुणाचीतरी वाट बघावी लागणार हे ज्याला आधीच ठाऊक असतं, तो माणूस असाच चालत येतो. तिने फाटकाजवळची एक मोकळी जागा निवडली, खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, फोन काढला आणि सहज मान वर केली. मी तिच्यापासून चार पावलांवर होतो.

"बाबा," ती म्हणाली. "यू आर हिअर."

"रविवार आहे," मी म्हटलं. "कामाचा दिवस. कामाच्या दिवशी मला उशीर होत नाही."

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली, मग तिची नजर खाली गेली. माझ्या डाव्या बुटाची नाडी सुटली होती आणि तिची टोकं जमिनीवर लोळत होती. ती गुडघ्यावर बसली, नाडी ओढली आणि गाठ मारली. त्या गाठीवर आणखी एक मारली. इतकी घट्ट, की पाऊल दुखायला लागलं, पण मी पाय हलवला नाही.